गॅलरीतून वाडीपर्यंत

कुर्र... टक्. कुर्र... टक्.

दुपारचे अडीच वाजले होते. वीज गेली होती, पंखा थांबला होता, आणि पंखा थांबला की आमच्या फ्लॅटमध्ये इतकं शांत व्हायचं की मुक्ताच्या नाकातली बारीक शिट्टीसुद्धा ऐकू यायची. मुक्ता तेव्हा सव्वा वर्षाची होती. तिला झोपवायला मला पन्नास मिनिटं लागली होती. त्यातली शेवटची दहा मी तिच्या अंगाखाली अडकलेला हात एकेक बोट करून सोडवण्यात घालवली होती. त्यामुळं आवाज आला तेव्हा आधी मनात आलं ते एवढंच की ही उठली तर मी रडेन.

ती उठली नाही. आवाज मात्र येत राहिला, आणि तो कसला आहे ते माझ्या हळूहळू लक्षात आलं. आमच्या घरात तसा आवाज एकच वस्तू करायची. गॅलरीतली व्यायामाची सायकल. डावं पेडल वर आलं की कुर्र आणि खाली गेलं की टक्.

घरात सायकल चालवणारी एकच व्यक्ती होती. ती मी. आणि मी पलंगावर आडवी होते.

सायकल कशी आली ते सांगते. मुक्ता झाल्यावर माझं वजन चौदा किलोनं वाढलं आणि वर्षभरात त्यातलं दोन किलो उतरलं. माझ्या नणंद, मंजिरीताई, इस्लामपूरहून आल्या की मला आधी समोरून बघायच्या, मग बाजूनं, आणि म्हणायच्या, वहिनी, दुसऱ्याची काही बातमी आहे का. डॉक्टरांनीही घरच्या घरी काहीतरी व्यायाम करा म्हणून सांगितलं. मग प्रसन्ननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, संक्रांतीनंतरच्या एका गुरुवारी ही सायकल आणली. जागेवरच चालणारी, एक जड चाक, समोर पेन्सिल सेलवर चालणारं छोटं मीटर. त्यावर आजवर किती किलोमीटर झाले ते दिसायचं.

त्या मीटरनंच सगळा घोळ केला. प्रसन्न वीज कंपनीत मीटर तपासणीला आहे. माणूस काय सांगतो ते तो ऐकूनही घेत नाही. आधी मीटर बघतो. लोक म्हणतात, साहेब, आम्ही तर महिनाभर गावाला होतो. हा म्हणतो, तुम्ही होता, फ्रिज घरात होता. मीटर खोटं बोलत नाही, हे वाक्य तो ज्या सुरात म्हणतो त्या सुरात इतर लोक आरती म्हणतात.

त्यानं गॅलरीच्या दाराला एक कागद चिकटवला. रविवार, रीडिंग, फरक असे तीन रकाने. आठवड्याला निदान वीस किलोमीटर व्हायला हवेत. तीन महिने टिकलं तर सायकल आपली, नाही टिकलं तर तिच्यावर कपडे वाळत घालण्यापेक्षा ताईला देऊन टाकू. तिनं तसं मागूनच ठेवलं होतं.

"आणि चालवताना गॅलरीचं दार लावून घेत जा," तो म्हणाला. "मुक्ता चाकात बोटं घालेल. पाच ते साडेपाच आई सांभाळेल तिला."

दार लावून. ते शब्द ऐकले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. सव्वा वर्षात मी एकही दार लावलं नव्हतं. न्हाणीघराचंसुद्धा नाही, कारण बाहेर मुक्ता कडीला लटकायची. सव्वा वर्षात मी एकही चहा गरम प्यायले नव्हते. चहा ओतायचा, ती रडायची, परत यायचं, वरची साय बाजूला करायची, पुन्हा गरम करायचा, पुन्हा ती रडायची. तिसऱ्यांदा गरम केलेल्या चहाला जी चव येते ती फक्त आयांनाच माहीत असते.

पहिल्या शुक्रवारी मी मनापासून चालवली. चार मिनिटांत डोळ्यांपुढं काजवे आले. शनिवारी तीन मिनिटं. दोन्ही मिळून दीड किलोमीटर. उरलेला वेळ मी सीटवर नुसती बसून राहिले. खाली पेरूच्या झाडावर एक खार होती. दाराच्या काचेपलीकडं मुक्ताचा आवाज होता, पण तो पलीकडं होता. सोमवारपासून मी सायकल चालवली नाही.

प्रसन्ननं व्यायामासाठी आणलेली पाण्याची बाटली होती, बाहेरून काही दिसत नाही अशी. मी तिच्यात चहा भरायला लागले, वेलदोडा घालून. घाम पुसायच्या नॅपकिनमध्ये खारी. पाच वाजता दार लावायचं, सीटवर बसायचं, कोपर हँडलवर टेकायचं आणि चहा प्यायचा. गरम. पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत गरम. साडेपाचला बादलीतलं थोडं पाणी कपाळावर आणि मानेवर मारायचं आणि धापा टाकत बाहेर यायचं.

मी लबाडी करत होते हे मला कळत होतं. रविवारी प्रसन्न मीटर बघेल, सायकल टेम्पोत चढेल आणि तिच्याबरोबर माझा अर्धा तासही इस्लामपूरला जाईल, हेही कळत होतं. सायकल गेली तर गॅलरीचं दार कशासाठी लावायचं? नुसतं बसायचंय म्हणून दार लावते, असं आमच्या घरात कुणी कधी म्हटलेलं नव्हतं. कुणाच्याच घरात म्हणत नसावेत.

पहिल्या रविवारी मीटरवर आठ होते. मी केले होते दीड. मला वाटलं, मीटर दिलदार आहे. पुढच्या रविवारी तीस. म्हणजे आठवड्यात बावीस, आणि मी पेडलला पायसुद्धा लावला नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारी बावन्न. पुन्हा बावीस. प्रसन्न कागदावर आकडा लिहून दोन पावलं मागं सरकला आणि लांबून त्याच्याकडं बघत राहिला.

"बावीस, बावीस," तो म्हणाला. "वृंदा, लोकांच्या घरचे फ्रिजसुद्धा इतके नियमित नसतात."

त्या आनंदात त्यानं वजनकाटा आणला. मी उभी राहिले. दीड किलो वाढले होते. त्यानं काटा हलवून पाहिला, मग म्हणाला की स्नायू वाढले असतील, स्नायू जड असतात. मी मान हलवली. खारीसुद्धा जड असते, हे मी बोलले नाही.

इतरही काही चमत्कारिक गोष्टी घडत होत्या. सायकलचं तोंड मी पेरूकडं करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी ते वॉशिंग मशीनकडं वळलेलं असायचं. हँडलवर कधी हळदीकुंकवाचं बोट उठलेलं असायचं. मी म्हणायची, मुक्तानं देवघरात हात घातला असेल, आणि पुसून टाकायची. मुक्ताचा आंघोळीचा प्लॅस्टिकचा टब गॅलरीत असायचा. त्याच्या तळाशी मला आठवड्याला एक रुपयाचं नाणं सापडायचं. दर गुरुवारी चार वाजता सासूबाई काहीही कारण न सांगता सगळ्यांच्या हातावर खोबरं-साखर ठेवायच्या. पण सव्वा वर्षाचं मूल घरात असताना माणूस शोध घेत नाही. नाणं सापडलं, मुलानं गिळलं नाही, बास. पुढचं काम.

तर त्या दुपारी, वीज गेलेली असताना, मी पलंगावरून उतरले. चपला न घालता स्वयंपाकघरातून गेले. गॅलरीचं दार लोटलेलं होतं. फटीतून पाहिलं.

सायकलवर सासूबाई होत्या.

लुगड्यासारखा घट्ट खोचलेला पदर, पायांत प्रसन्नचे जुने ऑफिसचे मोजे, हँडलला कपड्यांच्या चिमट्यानं लावलेला कॅलेंडरवरून कापलेला दत्ताचा फोटो. तोंड वॉशिंग मशीनकडं. ओठांत दिगंबरा दिगंबरा. एका दिगंबराला एक पेडल, कुर्र, दुसऱ्या दिगंबराला दुसरं, टक्. एकसष्ट वर्षांच्या, उजव्या गुडघ्यानं अधू, जिना उतरताना दर पायरीला आईगं म्हणणाऱ्या सासूबाई.

मी बघत असतानाच त्या थांबल्या. मीटरकडं वाकून पाहिलं. कमरेच्या पिशवीतून नाणं काढलं, कपाळाला लावलं आणि शेजारच्या टबात टाकलं. टुपुक. मग हात जोडले.

माझ्या हातून दार सरकलं. त्यांनी वळून पाहिलं. दचकल्या नाहीत. उलट मीच चोरी करताना सापडल्यासारखी उभी होते.

"आई, हे काय?"

"अंकलीचा पूल आला," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पेडल मारायला लागल्या. नदी ओलांडून होईपर्यंत थांबायचं नसतं बहुधा.

पलीकडच्या काठाला लागल्यावर त्यांनी सांगितलं. थांबून थांबून, माझ्याकडं न बघता.

मुक्ताच्या वेळी दवाखान्यात शेवटी शेवटी बाळाचे ठोके कमी झाले होते. मला घाईनं आत नेलं. स्ट्रेचरवरून जाताना मला सासूबाईंची पाठ दिसली होती. त्या पाण्याच्या कूलरजवळ भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. मी ते मनात धरून ठेवलं होतं. वळूनही बघितलं नाही, असं. त्या वेळी त्या भिंतीला नाही, वाडीला बोलत होत्या. नरसोबाची वाडी आमच्या सांगलीहून बावीस किलोमीटर. दोघी सुखरूप बाहेर आल्या तर अकरा खेपा पायी येईन, असं दत्ताला म्हणाल्या होत्या.

आम्ही दोघी बाहेर आलो. आणि त्यानंतर दोन महिन्यांत त्यांचा गुडघा गेला. डॉक्टरांनी लांब चालायचं नाही म्हणून बजावलं.

"तेव्हापासून झोप नाही बघ मला," त्या म्हणाल्या. "मुक्ताला साधी शिंक आली तरी वाटायचं, देव नवस मागायला आला."

"अहो, मग प्रसन्नला सांगायचं की."

"तो काय म्हणेल? चल गाडीत बस, अर्ध्या तासात फेडून येऊ." त्यांनी घाम पुसला. "आणि त्याला सांगायचं म्हणजे त्या दिवसाचं सगळं बोलावं लागणार. तो त्या दिवशी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला होता. ते त्याला आठवू द्यायचं नाही."

गुडघ्याच्या डॉक्टरांनी त्यांना एक गोष्ट मात्र सांगितली होती. चालू नका, पण सायकल मिळाली तर बसल्या जागी हळूहळू चालवा, त्यानं गुडघा सुटेल. ते त्यांनी सोडून दिलं होतं. या वयात सायकल कुठून आणायची. मग एका गुरुवारी, दत्ताच्या वारी, प्रसन्न टेम्पोतून ती घेऊनच आला. त्यांच्या दृष्टीनं ती माझ्यासाठी आलेलीच नव्हती. शुक्रवारी दुपारी मी मुक्ताला घेऊन आत गेले की त्या सांगलीहून निघायच्या आणि पुढच्या गुरुवारी वाडीत पोचायच्या. दिशा चुकू नये म्हणून सायकलचं तोंड दक्षिणेला. दक्षिणेला वॉशिंग मशीन होतं, त्याला त्यांचा इलाज नव्हता.

"ही सहावी खेप," त्या म्हणाल्या. मग पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. "तू शिकलेली आहेस. खरं सांग. हे पोचतं का गं?"

मी म्हटलं, किलोमीटर तर किलोमीटरच ना.

"देवाला मीटर कळतं?"

"प्रसन्नला तर कळतंय."

त्या हसल्या. मग मला आठवलं की आपणही इथं कोण आहोत. मी घाईघाईनं सांगायला लागले की मीसुद्धा रोज थोडी चालवते, संध्याकाळी, म्हणजे अगदीच नाही असं नाही.

"वृंदा," त्या म्हणाल्या, "घामाला वेलदोड्याचा वास येत नाही. आणि सीटखालचा खारीचा चुरा रोज मी झाडते."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्या एवढंच म्हणाल्या की मी तुझं सांगत नाही, तू माझं सांगू नकोस. आणि खारी थोडी थोडी, ताजी आणत जा, शिळी कडक झालेली असते, माझ्या दातांना त्रास होतो.

इतक्यात वीज आली, आत पंखा सुरू झाला, आणि पंख्याच्या आवाजानं मुक्ता उठली.

पुढचे चार आठवडे मी जितकी सुखात होते तितकी माहेरपणालाही नव्हते. माझ्या नावावर सासूबाईंचे किलोमीटर जमा व्हायचे आणि त्यांच्या खेपांवर माझं पांघरूण असायचं. भाजी निवडताना त्या हळूच सांगायच्या, आज जयसिंगपूर. मी विचारायची, गर्दी होती का. त्या म्हणायच्या, स्टँडपाशी होती. शिरोळला उसाच्या गाड्यांमुळं एक दिवस उशीर झाला. तो खरं म्हणजे पाहुणे आल्यामुळं झाला होता, पण आम्ही गाड्यांमुळंच म्हणायचो. टबातली नाणी मी चटणीच्या रिकाम्या बरणीत साठवायला लागले. त्यांचा गुडघा सुटत चालला होता. जिन्यावरचे आईगं आधी दोन पायऱ्यांना एक झाले, मग मजल्याला एक. त्यांची रक्तातली साखर तपासली तर कितीतरी उतरली होती. माझं वजन तीन किलोनं वाढलं होतं.

आणि दहाव्या रविवारी मंजिरीताई आल्या. प्रसन्ननं फोनवर माझं कौतुक केलं होतं, तेच नडलं. सायकल आपल्याला मिळत नाही याचं त्यांना दुःख नव्हतं. त्यांना पटत नव्हतं. दारातच त्यांनी मला समोरून बघितलं, मग बाजूनं.

"वहिनी, सायकल चालवतेस की तिच्या पंपानं स्वतःत हवा भरतेस?"

प्रसन्न दुखावला. त्यानं ताईंना कागदापुढं उभं केलं, बावीस-बावीसच्या रांगेवरून बोट फिरवलं, त्या दिवशीचं रीडिंग घेतलं. दोनशे सहा. ताई म्हणाल्या, मीटर बिघडलंय तुझं. हे त्या दुसऱ्या कुणाला म्हणाल्या असत्या तर चाललं असतं. प्रसन्न लाल झाला आणि माझ्याकडं वळून म्हणाला, वृंदा, बस. चालवून दाखव हिला.

मी म्हटलं आत्ताच नाश्ता झालाय. म्हटलं मुक्ताला भरवायचंय. मुक्ता ताईंच्या कडेवर बसून केळं खात होती. शेवटी बसले. पहिलं मिनिट ठीक गेलं. दुसऱ्याला छातीत भाता सुरू झाला. तिसऱ्याला पेरूचं झाड डावीकडं सरकलं. चौथ्या मिनिटाला मी हँडलवर डोकं टेकलं. खरा घाम आला की तो असा येतो, हे मला त्या दिवशी आठवलं.

मीटरवर नऊशे मीटर वाढले होते.

प्रसन्न खाली बसला आणि मीटरच्या डब्याखालून, मागून, वायरीजवळून हात फिरवायला लागला. मला आधी कळेना. मग कळलं. विजेचं मीटर फसवायला लोक बाहेरून चुंबक लावतात. माझा नवरा माझ्या व्यायामाच्या सायकलला चुंबक शोधत होता.

"काय लावलं होतंस?" त्यानं विचारलं. आवाज इतका हळू होता की मला रागावताही येईना. दहा वर्षं लोकांच्या दारात उभं राहून ऐकलेला खोटेपणा त्याला आज स्वतःच्या गॅलरीत सापडला होता.

ताई म्हणाल्या की भाऊजींची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची, मोठी गाडी त्या घेऊनच आल्या आहेत. मीटर दुरुस्त करून घेतील. आत्ताच ठेवू या गाडीत.

मी स्वयंपाकघराकडं बघितलं. नऊ खेपा झाल्या होत्या. दहावी अंकलीच्या पुलाशी होती. एक वाक्य बोलले असते तर मी सुटले असते. पण ते वाक्य माझं नव्हतं. मी सायकलवरून उतरलेच नाही, एवढंच केलं. हँडल धरून बसून राहिले. ताई म्हणाल्या, उतर की. मी म्हटलं, पायात गोळा आलाय.

सासूबाई हात पुसत आल्या. त्यांनी प्रसन्नला खांद्याला धरून बाजूला केलं, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "उतर. माझं आजचं राहिलंय."

मी उतरले. त्या चढल्या. कुर्र, टक्. कुर्र, टक्. एक मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली. कुणी हललं नाही. मुक्ता एकटीच टाळ्या वाजवत होती. आठव्या मिनिटाला सासूबाईंनी कमरेतून नाणं काढलं, टबात टाकलं आणि प्रसन्नकडं न बघता म्हणाल्या की मीटरला काही झालेलं नाही. मुक्ताच्या वेळी मी वाडीला बोलले होते. अकरा खेपा. ही दहावी.

प्रसन्न वॉशिंग मशीनला टेकला. मग त्याच्या लक्षात आलं की आई त्या दिशेनंच येतेय, आणि तो बाजूला झाला. त्यानं चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. पुन्हा काढला.

ताईंनाही भरून आलं होतं, पण त्या ताई होत्या. नाक ओढून म्हणाल्या, "मग ही वहिनी रोज अर्धा तास आत करते काय?"

मी फरशीकडं बघितलं. आता गेलं, असं वाटलं.

"बसते," सासूबाई म्हणाल्या. पेडल चालूच होतं.

"बसते म्हणजे?"

"बसते म्हणजे बसते. चहा पिते."

"दार लावून?"

"दार लावून." त्यांना आता थोडी धाप लागली होती, त्यामुळं शब्द एकेक येत होते. "तुम्ही दोघं लहान होता तेव्हा मी संडासात जाऊन बसायचे. काही नसायचं. नुसती बसायचे. तिथंही तू दार वाजवायचीस, मंजू. आई, काय करतेस, आई, काय करतेस." कुर्र, टक्. "हिला निदान गॅलरी आहे. बसू दे तिला."

ताईंची मुलं तेव्हा आठ आणि पाच वर्षांची होती. थोड्या वेळानं त्यांनी मुक्ताला माझ्याकडं न देता प्रसन्नकडं दिलं आणि विचारलं की चहा उरलाय का. गाडी रिकामीच परत गेली.

संध्याकाळी पाच वाजता मी गॅलरीकडं गेले तेव्हा दारावरचा कागद बदललेला होता. जुना काढून प्रसन्ननं नवा लावला होता. वर लिहिलं होतं, आई, आणि खाली तेच तीन रकाने. त्याच्या शेजारी दुसरा छोटा कागद होता. वृंदा, पाच ते साडेपाच. त्याखाली, त्याच्या ऑफिसच्या टपोऱ्या अक्षरात, विना मीटर.

दहावी खेप त्या गुरुवारी आणि अकरावी त्याच्या पुढच्या गुरुवारी पुरी झाली. शेवटचे शंभर मीटर आम्ही सगळे गॅलरीत उभे होतो, प्रसन्न मोठ्यानं आकडे म्हणत होता. मग गाडीनं खरोखरच्या वाडीला गेलो. सासूबाई घाटाच्या पायऱ्या कठड्याला हात न लावता उतरल्या आणि बरणीतली नाणी संगमात सोडली. देवळात एका म्हाताऱ्या पुजाऱ्यांना त्यांनी भीत भीत सगळं सांगितलं. ते म्हणाले, बरं, सायकल कुठं लावलीत? त्या म्हणाल्या, घरीच आहे. ते बराच वेळ विचार करत राहिले. मग त्यांनी एकाऐवजी दोन पेढे दिले.

मला अजून मैत्रिणी विचारतात, घरातल्या सायकलचा खरंच उपयोग होतो का गं, वजन उतरतं का. मी म्हणते, आमच्या घरात एकीचा गुडघा सुटला, साखर उतरली. त्या विचारतात, आणि दुसरीचं? मी म्हणते, तिला चहा गरम मिळाला.

मुक्ता आता सात वर्षांची आहे. सायकल अजून गॅलरीतच आहे आणि डावं पेडल अजून कुर्रकतं. परवा तिला कपाटात तो जुना बावीस-बावीसचा कागद सापडला. आजीनं तिला सगळी गोष्ट सांगितली, पुलासकट, उसाच्या गाड्यांसकट. मुक्तानं आजीला विचारलं की जाताना सायकलनं गेलीस, मग परत कशी यायचीस. आजी म्हणाली, एसटीनं. ते तिला लगेच पटलं.

मग ती माझ्याकडं आली. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. तिनं दार वाजवलं नाही, नुसतं सरकवलं आणि उंबऱ्यावरच थांबली. आजीनं तसं शिकवलंय तिला. मी सीटवर बसले होते, कोपर हँडलवर, हातात कप. तिनं आधी मीटरकडं बघितलं, मग कपाकडं, मग बाहेर पेरूकडं.

"आई," ती म्हणाली, "आजी वाडीला जायची. तू दार लावून कुठं जायचीस?"